चौकट मोठी, पक्षी तेवढाच: मीडियम फॉरमॅटविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मीडियम फॉरमॅट, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरच्या, डिजिटल कॅमेऱ्यांविषयी आहेत. वन्यजीव, शहरदृश्ये आणि निसर्गदृश्ये या तिन्हींसाठी हा कॅमेरा घ्यावा का, आणि घेतलेला असल्यास त्याच्याकडून मनासारखे काम का होत नाही, असा त्यांचा सर्वसाधारण रोख आहे. त्यांतील सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रातील गैरसमज इतर अनेक पत्रांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : मी आठ वर्षांपासून पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. माझ्याकडे ६१ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि ५०० मिलिमीटरची लेन्स आहे. १०० मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेतला तर पिसांचा तपशील दीडपटीहून अधिक मिळेल, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर : आपला अंदाज स्वाभाविक आहे, पण बरोबर नाही. तो कुठे चुकतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

आपल्यापासून ४० मीटरवर, पाणथळीच्या काठाला, ९० सेंटिमीटर उंचीचा बगळा उभा आहे असे धरा. ५०० मिलिमीटरची लेन्स त्याची प्रतिमा सेन्सरवर साधारण सव्वाअकरा मिलिमीटर उंचीची पाडते. ही उंची लेन्सचे नाभीय अंतर आणि पक्ष्याचे आपल्यापासूनचे अंतर या दोनच गोष्टींवर ठरते. मागे कोणता सेन्सर बसवला आहे याची लेन्सला काही खबर नसते. आपल्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा आहे आणि त्यावरील प्रत्येक पिक्सेल सुमारे ३.७६ मायक्रॉन रुंदीचा आहे. फुजीफिल्मच्या जीएफएक्स १०० मालिकेतील किंवा हॅसलब्लाडच्या एक्स२डी १००सी मधील सेन्सर ४३.८ × ३२.९ मिलिमीटरचा आहे, आणि त्यावरील पिक्सेलची रुंदीही नेमकी तेवढीच, ३.७६ मायक्रॉन आहे. म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांत बगळ्याच्या वाट्याला चोचीपासून पायापर्यंत सुमारे ३,००० पिक्सेलच येतात. फरक पडतो तो चौकटीत. फुल-फ्रेमच्या आडव्या चौकटीत बगळा जवळपास निम्मी उंची व्यापतो, तर मीडियम फॉरमॅटमध्ये तो एक तृतीयांश उंचीचा दिसतो. वाढलेले ४१ मेगापिक्सेल (१०० चा म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १०२ मेगापिक्सेलचा आहे) बगळ्याला मिळालेलेच नाहीत. ते पाण्याला, लव्हाळ्याला आणि आकाशाला मिळाले आहेत.

५१ मेगापिक्सेलचा जुना मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेतला तर आपले थोडे नुकसानच होईल. त्याचे पिक्सेल ५.३ मायक्रॉनचे असल्यामुळे त्याच बगळ्याला त्याच लेन्समधून जेमतेम २,१०० पिक्सेल मिळतील.

पिसांचा तपशील वाढवायचा असेल तर मार्ग दोनच आहेत: पक्ष्याला त्रास न देता अंतर कमी करणे, किंवा अधिक लांब लेन्स वापरणे. लांब लेन्सच्या बाबतीत मीडियम फॉरमॅट तोकडा पडतो. फुजीफिल्मने २०२४ साली ५०० मिलिमीटर एफ/५.६ ही लेन्स आणली (एफ चा आकडा जितका मोठा, तितके प्रकाशाचे छिद्र लहान). ती पावणेचौदाशे ग्रॅमची, म्हणजे तिच्या लांबीच्या मानाने हलकी आहे आणि उत्तमही आहे. परंतु मोठ्या सेन्सरवर तिचा दृश्यकोन फुल-फ्रेमवरील सुमारे ४०० मिलिमीटरच्या लेन्सएवढा होतो. तिला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (नाभीय अंतर वाढवणारी जोडकाच) जोडला तर ती ७०० मिलिमीटर एफ/८ होते, दृश्यकोन साधारण ५५० मिलिमीटरचा मिळतो आणि पहाटेच्या उजेडात एफ/८ वर काम करण्याची वेळ येते. फुल-फ्रेमसाठी ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या लेन्स अनेक वर्षे उपलब्ध आहेत. या बाबतीत बरोबरी होत नाही.

दुसरी अडचण वेगाची आहे. २०२३ सालच्या जीएफएक्स १०० टू मध्ये मेकॅनिकल शटरने सेकंदाला ८ चित्रे निघतात आणि प्राणी-पक्षी ओळखून त्यांवर फोकस धरून ठेवण्याची सोयही आहे. मीडियम फॉरमॅटच्या दृष्टीने ही फार मोठी मजल आहे, यात शंका नाही. तरीही किलकिल्याने पाण्यात मारलेली बुडी ८ चित्रांत पकडणे आणि ३० चित्रांत पकडणे यांत मोठे अंतर आहे. हॅसलब्लाडच्या २०२२ सालच्या एक्स२डी १००सी मध्ये तर हलत्या विषयाचा सतत पाठलाग करणारा फोकस दिलेलाच नव्हता. आवाज टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे म्हटले, तर एवढा मोठा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचून होण्यास सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात उडत्या पक्ष्याचा पंख पुढे सरकलेला असतो आणि चित्रात तो मोडल्यासारखा वाकडा येतो. बसलेल्या पक्ष्यासाठी हे शटर चालते, उडत्यासाठी चालत नाही.

एवढे वाचून मीडियम फॉरमॅट वन्यजीवांसाठी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मात्र कृपया काढू नये. मघाशी पाण्याला आणि लव्हाळ्याला गेलेले ४१ मेगापिक्सेल वाया गेले असे मी म्हटलेले नाही. प्राणी जिथे राहतो ती जागाही आपल्याला दाखवायची असेल, तर हाच कॅमेरा सर्वांत उपयोगी पडतो. निक ब्रांट यांनी पूर्व आफ्रिकेतील हत्ती आणि सिंह यांची कृष्णधवल छायाचित्रे पेन्टॅक्स ६७ या मीडियम फॉरमॅट फिल्म कॅमेऱ्यावर, टेलिफोटो लेन्स कटाक्षाने टाळून काढली. त्यांत प्राण्याइतकेच आभाळ आणि माळ बोलतात.

माझाही एक अनुभव सांगतो. दलदलीच्या काठावर धुक्यात उभ्या असलेल्या करकोच्यांच्या थव्याचे चित्र मी १०० ते २०० मिलिमीटरच्या झूम लेन्सने काढले होते. चौकटीत एकेक पक्षी अंगठ्याच्या नखाएवढाही नव्हता. त्याची मीटरभर रुंदीची छपाई भिंतीवर लावली तेव्हा पुढच्या लव्हाळ्याच्या पात्यांवर ओळीने लटकलेले दवाचे थेंब सुटे सुटे मोजता येत होते, आणि मागच्या करकोच्यांपैकी एकाने एक पाय पोटाशी घेतला आहे हे मला त्या दिवशी प्रथमच दिसले. चित्र काढताना यातले काहीही मी पाहिलेले नव्हते.

तेव्हा माझा सल्ला असा की, आपली सध्याची सामग्री विकू नये. पक्ष्यांच्या जवळच्या चित्रांसाठी ती अधिक योग्य आहे. कळप, थवे, पाणवठ्यावरची गर्दी, वादळापूर्वीचा माळ आणि त्यात एकटे उभे असलेले हरीण अशी चित्रे आपल्याला खुणावत असतील, तरच मध्यम लांबीच्या झूमसह मीडियम फॉरमॅटचा विचार करावा. मात्र आखूड लेन्स लावली म्हणून प्राण्याच्या जवळ जाऊ नये. लपणीत किंवा वाहनात थांबावे आणि प्राण्याला स्वतःहून यावेसे वाटले तर येऊ द्यावे.

प्रश्न : ४४ × ३३ मिलिमीटरच्या सेन्सरला मीडियम फॉरमॅट म्हणणे योग्य आहे का? काही जण त्याला खरा मीडियम फॉरमॅट मानत नाहीत.

उत्तर : फिल्मच्या काळात १२० क्रमांकाच्या रोलवर काढलेल्या चित्राला हे नाव होते आणि त्यातील सर्वांत लहान प्रचलित चौकट, जिला ६४५ म्हणत, प्रत्यक्षात सुमारे ५६ × ४१.५ मिलिमीटरची असे. त्या मापाने पाहिले तर आजचे बहुतेक मीडियम फॉरमॅट सेन्सर लहानच आहेत. फेज वनच्या आयक्यू४ या १५० मेगापिक्सेलच्या डिजिटल बॅकमधील (कॅमेऱ्याच्या मागे जोडायच्या सेन्सरच्या भागातील) ५३.४ × ४० मिलिमीटरचा सेन्सर त्या चौकटीच्या जवळ जातो. नावाच्या वादात मला फारसे तथ्य दिसत नाही. आपल्या कामाचा आकडा क्षेत्रफळाचा आहे: ४३.८ × ३२.९ चा सेन्सर फुल-फ्रेमच्या १.६७ पट मोठा आहे, म्हणजे समान एक्स्पोजरला तो सुमारे पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अधिक प्रकाश गोळा करतो. फेज वनचा सेन्सर जवळजवळ अडीच पट मोठा आहे. पाऊण स्टॉप हा फरक सावल्या उजळताना जाणवतो, पण तो चमत्कार नव्हे, एफ/१.४ ची फुल-फ्रेम लेन्स एफ/२.८ च्या मीडियम फॉरमॅट लेन्सपुढे ठेवली तर मंद उजेडात पारडे सहज उलटते.

प्रश्न : निसर्गदृश्ये काढताना मी ३२ मिलिमीटरवर एफ/११ ठेवते आणि हायपरफोकल अंतराच्या (जिथे फोकस केल्यास अनंतापर्यंत स्पष्ट येते त्या सर्वांत जवळच्या अंतराच्या) जुन्या तक्त्याप्रमाणे सुमारे दोन मीटरवर फोकस करते. १०० मेगापिक्सेलच्या चित्रात पुढचे दगड चांगले येतात, परंतु मागचे डोंगर मऊ दिसतात. एफ/२२ ठेवून पाहिले तर सगळेच मऊ झाले. लेन्स सदोष आहे का?

उत्तर : लेन्स सदोष असण्याची शक्यता कमी आहे. आपण वापरत असलेला तक्ता या सेन्सरसाठी केलेला नाही.

तक्ता करणाऱ्यांनी ‘इतका धूसरपणा डोळ्याला कळत नाही’ अशी एक मर्यादा गृहीत धरलेली असते. मीडियम फॉरमॅट फिल्मसाठी ती बहुधा ०.०५ मिलिमीटर धरत आणि मध्यम आकाराची छपाई हातभर अंतरावरून पाहायची असेल तर ती पुरेशी होती. या हिशेबाने ३२ मिलिमीटर आणि एफ/११ ला हायपरफोकल अंतर १.८६ मीटर येते. आपले दोन मीटर तिथूनच आले. परंतु आपण चित्र पडद्यावर पूर्ण आकारात उघडून एकेक पिक्सेल पाहता, तेव्हा ०.०५ मिलिमीटरचा तो धूसर ठिपका तेरा पिक्सेलांवर पसरलेला असतो. धूसरपणाची मर्यादा दोन पिक्सेल, म्हणजे ०.००७५ मिलिमीटर, अशी कडक धरली तर तेच अंतर १२.४ मीटर होते आणि तिथे फोकस केल्यास साधारण सहा मीटरच्या पुढचेच स्पष्ट येते. पायाशी असलेला दगड आणि क्षितिजावरचा डोंगर या दोघांनाही एकाच चित्रात पिक्सेलपर्यंत स्पष्ट आणणे या सेन्सरवर एका एक्स्पोजरमध्ये जमत नाही. त्यात आपली काही चूक नाही.

अ‍ॅपर्चर आणखी लहान केल्याने सुटका का होत नाही, याचे कारण विवर्तन हे आहे. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता ठिपका होते. हिरव्या प्रकाशासाठी हा ठिपका एफ/८ ला सुमारे १०.७ मायक्रॉन, एफ/११ ला १५ आणि एफ/१६ ला २१.५ मायक्रॉन व्यासाचा असतो. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलांशी तुलना केली तर एफ/११ ला तो चार पिक्सेल आणि एफ/१६ ला जवळजवळ सहा पिक्सेल व्यापतो. एफ/११ चा मऊपणा शार्पनिंगने बऱ्यापैकी भरून निघतो. एफ/२२ चा निघत नाही. कितीही महाग लेन्स घेतली तरी हे चुकत नाही, कारण हा दोष काचेचा नसून प्रकाशाच्या स्वभावातला आहे.

उपाय फोकस स्टॅकिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली चित्रे एकत्र जोडण्याचा आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करावा, अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा फार तर एफ/११ ठेवावे, आणि सर्वांत जवळच्या वस्तूपासून अनंतापर्यंत फोकस टप्प्याटप्प्याने सरकवत चार-सहा चित्रे घ्यावीत. बहुतेक नव्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत हे काम कॅमेरा स्वतःच करतो. माझी सवय अशी आहे की, पहिले चित्र दगडाच्याही थोडे अलीकडे फोकस करून घ्यायचे. कारण नंतर चित्रे जोडताना पुढची कडा कमी पडली तर त्यावर कोणताही इलाज उरत नाही, आणि एक चित्र जास्त झाले तर काही बिघडत नाही. शेवटचे चित्र अनंतावर घेतले आहे याचीही प्रत्येक वेळी खात्री करावी.

वाऱ्यात ही पद्धत अडते. पुढच्या गवताच्या प्रत्येक चित्रातील जागा वेगळी असते आणि जोडलेल्या चित्रात पात्यांना भुताटकीसारख्या दुहेरी कडा येतात. अशा वेळी स्टॅकिंगचा नाद सोडावा, गवतावर फोकस ठेवून एफ/११ ला एकच चित्र घ्यावे आणि डोंगर किंचित मऊ राहू द्यावा. दूरचे डोंगर धुरकट असणे डोळ्याला नैसर्गिक वाटते, जवळचे गवत धुरकट असणे वाटत नाही.

एक सूचना वेगळी. तापलेल्या जमिनीवरून दूरचा डोंगर टिपताना मधल्या हवेच्या लहरींनी जो मऊपणा येतो, त्याचा दोष आपण फोकसला देऊ नये. दुपारी दोन वाजता घेतलेल्या आणि सूर्योदयाला घेतलेल्या त्याच डोंगराच्या चित्रांची तुलना एकदा करून पाहावी.

प्रश्न : मी संध्याकाळी उंच इमारतींची आणि रस्त्यांची चित्रे काढतो. ट्रायपॉड भक्कम असूनही आठ-दहा सेकंदांच्या काही चित्रांत खिडक्या दुहेरी दिसतात. शिवाय एका इमारतीच्या जाळीदार दर्शनी भागावर हिरवे-जांभळे पट्टे आले. आणि इमारती मागे कललेल्या दिसू नयेत यासाठी टिल्ट-शिफ्ट (झुकवता-सरकवता येणारी) लेन्स घ्यावीच लागेल का?

उत्तर : आपण तीन प्रश्न विचारले आहेत, तिन्हींची उत्तरे क्रमाने देतो.

दुहेरी खिडक्यांच्या बाबतीत ट्रायपॉडऐवजी त्याच्याखालची जमीन तपासावी. मी एकदा पादचारी पुलावरून नदीपलीकडच्या इमारती टिपत होतो. पाऊण तासात घेतलेल्या वीस चित्रांपैकी फक्त सहा चित्रे स्पष्ट आली आणि ती कोणती, हे पाहिल्यावर कारण लक्षात आले: पुलावरून कोणीही चालत नव्हते तेव्हाचीच ती होती. एका माणसाच्या पावलांनी पुलाचा कठडा हलतो हे हाताला जाणवत नव्हते, पण सेन्सरला जाणवत होते. पुलावर, गच्चीवर आणि लिफ्टजवळच्या सज्जावर ही काळजी घ्यावीच लागते. दहा सेकंदांच्या एका चित्राऐवजी एक-एक सेकंदाची दहा चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढावी. हललेली चित्रे वगळता येतात आणि सावल्यांतील कणकणही कमी होते. फेज वनच्या आयक्यू४ मध्ये अशी सरासरी कॅमेऱ्यातच काढण्याची सोय आहे. इतरांना ती संगणकावर काढावी लागते. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, पट्टा काढून ठेवावा, कारण वाऱ्याने तो फडफडतो, आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरने सोडावे.

इलेक्ट्रॉनिक शटरने पडद्याचा धक्का टळतो हे खरे आहे, परंतु सायंकाळी, जेव्हा एक्स्पोजर अजून लहान असते, तेव्हा एलईडी दिव्यांच्या लुकलुकीमुळे चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. मेकॅनिकल शटरची सुरुवात तेवढी इलेक्ट्रॉनिक ठेवण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर शहरदृश्यांसाठी ती सर्वांत बरी.

हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांना मोअरे म्हणतात. जाळीची घनता आणि पिक्सेलांची घनता एकमेकींच्या फार जवळ आल्या की प्रत्यक्षात नसलेली नक्षी चित्रात तयार होते. पूर्वीच्या अनेक फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे लो-पास फिल्टर असे आणि तो हा दोष थोडा तपशील गमावून लपवत असे. या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांत तो फिल्टर नसतो. त्यांची धार त्यामुळेच दिसते आणि मोअरेही त्यामुळेच दिसतो. जागेवरच चित्र मोठे करून जाळ्या, विटा आणि झडपा तपासाव्यात. दोष दिसला तर दोन पावले पुढे-मागे व्हावे किंवा अ‍ॅपर्चर एफ/११ च्या पुढे न्यावे. मघाच्या उत्तरात ज्या विवर्तनाविषयी सावध केले, तेच इथे हवाहवासा मऊपणा देते.

टिल्ट-शिफ्ट लेन्स घ्यावीच लागेल असे नाही. इमारती कलतात त्या कॅमेरा वर वळवल्यामुळे. तो अगदी समपातळीत ठेवला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. म्हणून गरजेपेक्षा रुंद लेन्स लावावी, कॅमेरा उभा आणि समपातळीत ठेवावा, आणि चौकटीच्या खालच्या भागात येणारा नको तो रस्ता नंतर कापून टाकावा. १०२ मेगापिक्सेलच्या चित्राचा एक तृतीयांश भाग कापला तरी ६८ मेगापिक्सेल हातात उरतात. मोठ्या सेन्सरचा मला सर्वाधिक आवडणारा उपयोग हाच आहे. सॉफ्टवेअरने रेषा सरळ करताना चित्राचा वरचा भाग ताणला जातो आणि तपशील विरळ होतो. कापण्यात ते होत नाही. इमारतीच वारंवार टिपत असाल तर मात्र शिफ्टची लेन्स सोयीची ठरते. फुजीफिल्मची ३० मिलिमीटर एफ/५.६ टिल्ट-शिफ्ट २०२३ साली आली. तिने कॅमेरा न हलवता लेन्स सरकवून दोन-तीन चित्रे घेता येतात आणि ती एकमेकांना बिनचूक जुळतात.

नदीकाठच्या लांबलचक क्षितिजरेषेसाठी आणखी एक गोष्ट सुचवतो. १९९८ साली आलेल्या हॅसलब्लाड एक्सपॅन या फिल्म कॅमेऱ्याची ६५ × २४ मिलिमीटरची चौकट जीएफएक्स कॅमेऱ्यांत ६५:२४ या प्रमाणात निवडता येते. १०० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्या पट्टीतही सुमारे ५० मेगापिक्सेल राहतात, त्यामुळे अनेक चित्रे जोडून पॅनोरामा करण्याची खटपट पुष्कळदा वाचते, आणि वाहत्या पाण्यावरच्या दिव्यांच्या प्रतिबिंबांना जोडाच्या रेषा येत नाहीत.

प्रश्न : एवढ्या मोठ्या फाइली खरोखर लागतात का? माझा संगणक आताच धापा टाकतो.

उत्तर : आपण चित्रे प्रामुख्याने पडद्यावर दाखवत असाल तर लागत नाहीत. फोर-के पडद्यावर ८.३ मेगापिक्सेल मावतात. उरलेले सर्व पडद्यामागेच राहते. ११,६४८ × ८,७३६ पिक्सेलचे चित्र इंचाला ३०० पिक्सेल या दर्जाने सुमारे ९८ × ७४ सेंटिमीटरचे छापता येते. त्या आकाराची छपाई, जवळ जाऊन पाहावी अशी, आपल्याला करायची असेल तरच या फाइलींचे ओझे उचलावे.

ओझे लहान नाही. १६ बिटची, न दाबलेली रॉ फाइल २०० मेगाबाइटच्या पुढे जाते. पाच चित्रांचा एक फोकस स्टॅक म्हणजे एक गिगाबाइट. १४ बिटची, तपशील न गमावता दाबलेली फाइल निवडली तर आकार साधारण निम्म्यावर येतो, आणि सावल्या टोकाच्या उजळल्याखेरीज दोहोंतला फरक मला छपाईत कधी ओळखता आलेला नाही. जीएफएक्स १०० मध्ये सेन्सर सूक्ष्म अंतराने हलवत १६ चित्रे घेऊन ४०० मेगापिक्सेलचे एक चित्र करण्याची सोयही २०२० पासून आहे. ती संग्रहालयातील वस्तू किंवा चित्रे यांची नोंद करण्यासाठी उत्तम आहे. ढग, पाने, पाणी किंवा वाहने असलेल्या कोणत्याही दृश्यासाठी तिचा उपयोग नाही. आपल्या संगणकाला विश्रांती द्यायची असेल तर रोजच्या रोज निवड करावी. पाचशे चित्रांतली दहा ठेवण्याची हिंमत नसेल, तर कितीही मोठी डिस्क पुरणार नाही.

प्रश्न : मला ५१ मेगापिक्सेलचा, वापरलेला मीडियम फॉरमॅट कॅमेरा मिळत आहे. माझे विषय डोंगर, समुद्र आणि जुन्या इमारती असे आहेत. आता तो कालबाह्य झाला आहे का? घेताना काय पाहावे?

उत्तर : आपल्या विषयांसाठी तो मुळीच कालबाह्य झालेला नाही. सोनीचा ४३.८ × ३२.९ मिलिमीटरचा ५१ मेगापिक्सेलचा सीमॉस सेन्सर २०१४ साली पेन्टॅक्स ६४५झेड सारख्या कॅमेऱ्यांत आला, तेव्हा मीडियम फॉरमॅटने प्रथमच सीसीडीच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या, मर्यादा ओलांडल्या. त्याआधी ८०० आयएसओच्या वर या कॅमेऱ्यांतून काही वापरण्याजोगे मिळणे कठीण असे. त्याच कुळातील सेन्सर पुढे २०१६ सालच्या हॅसलब्लाड एक्स१डी मध्ये आणि २०१७ साली बाजारात आलेल्या फुजीफिल्म जीएफएक्स ५०एस मध्ये वापरला गेला. त्याचे ५.३ मायक्रॉनचे पिक्सेल विवर्तनाला आणि हाताच्या कंपाला थोडे अधिक क्षमाशील आहेत, त्यामुळे एफ/११ वर निर्धास्त काम करता येते. सुमारे ७० × ५२ सेंटिमीटरची छपाई त्यातून इंचाला ३०० पिक्सेलने निघते.

उणिवा माहीत करून घ्याव्यात. जीएफएक्स ५०एस आणि एक्स१डी यांचा ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवर चालतो. तो अचूक आहे, पण मागे-पुढे चाचपडत स्थिरावतो. अंगभूत स्थिरीकरण या दोन्हींत नाही, त्यामुळे हातात धरून काम करताना ६३ मिलिमीटरच्या लेन्सला १/६० सेकंदाचा जुना नियम सोडून १/१२५ किंवा १/२५० गाठावे. हॅसलब्लाडच्या लेन्समध्येच पाकळ्यांचे शटर असते, त्याचा धक्का फार सौम्य असतो आणि फ्लॅश १/२००० सेकंदापर्यंत जुळतो. मात्र त्या शटरची यंत्रणा प्रत्येक लेन्समध्ये स्वतंत्र असल्याने प्रत्येक लेन्सचे शटर वेगळे तपासावे लागते.

घेण्यापूर्वी दोन चाचण्या जरूर कराव्यात. पहिली, एफ/१६ ठेवून मोकळ्या आकाशाचे फोकसबाहेरचे चित्र घ्यावे आणि ते उजळ-काळपट करून पाहावे. धुळीचे ठिपके साफ होतात, ओरखडे होत नाहीत. दुसरी चाचणी लेन्सची आहे. विटांच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर काटेकोर समांतर उभा करावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून मध्यावर फोकस करावा आणि चारही कोपरे पूर्ण आकारात एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चिंता नाही, एफ/८ ला ते सुधारतील. एकच बाजू मऊ आणि दुसरी धारदार दिसली, तर कॅमेरा किंचित वळवून पुन्हा चित्र घ्यावे, म्हणजे आपण तो तिरका लावला होता का ते कळेल. तरीही तीच बाजू मऊ राहिली, तर त्या लेन्समधील एखादी काच जागेवरून सरकलेली आहे असे समजावे आणि ती लेन्स परत करावी.